चिंचेनं धुतलेला राजा

(नॉटिंगहॅम, १९८७. दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. मंजिरीच्या खोलीचं दार बंद, बाहेर आजी.)

आजी : तुळशीची शपथ, मंजू, शब्दन् शब्द खरा! दार उघड, सांगते.

मंजिरी : गो अवे, आजी. मी शेजारी मिस्टर बॅक्स्टरकडे कधीच नाही जाणार.

आजी : मीच जाऊन आले. नाणं दिलं परत.

मंजिरी : तू? तुला इंग्लिश कुठे येते!

आजी : नऊवारीवर तुझ्या बाबाचे चिखलातले वेलिंग्टन बूट चढवले, नाणं कुंकवाच्या करंड्यात घातलं, नि शिरले कुंपणातनं. त्याचं ते दांडगं कुत्रं आलं अंगावर. मी ओरडले, "सिट!" तर बॅक्स्टरच खाली बसला.

मंजिरी : काहीही सांगते तू! सांगितलंस का त्याला, काय झाला ते?

आजी : "मी वॉश," म्हटलं. चिंचेला काय म्हणतात कोण जाणे, हात चोळून दाखवले.

मंजिरी : पण मीच दिला तुला. म्हटला, बघ, रोमन एम्परर. तू म्हणालीस, किती कळकट, देव घासतेय त्यातच टाक.

आजी : हिरवं पडलं होतं गं. वाटलं, कळकलंय.

मंजिरी : त्या हिरव्यामध्येच चेहरा होता! क्राउनचे किरण गेले, कॉइनच्या मागच्या साइडची लेडी गेली. मिसेस बॅक्स्टरला बटाटे खणताना सापडलेला ते. आता ती पण नाही. त्याने मला ट्रस्ट करून दिला, प्रोजेक्टला.

आजी : दाखवला त्यानं तिचा फोटो.

मंजिरी : ओरडला?

आजी : छे! नाणं उजेडात धरलं नि खो खो हसला. म्हणाला, राजा आंघोळ करून आला!

मंजिरी : रिअली? हसला? मग मी जाते उद्या. सॉरी म्हणते, आणि आम्ही दोघं हसू.

आजी : थांब जरा.

मंजिरी : काय?

आजी : मागची ती बाई. एका हातात तराजू, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग. मी लक्ष्मीच समजले होते. कोण ती, विचारलं. तर दोन तळवे सारखे धरून म्हणाला, "फेअर, फेअर."

मंजिरी : म्हणजे माप खरा. कोणाला फसवायचा नाही.

आजी : हं. जा तू उद्या, मंजू. पण हसत नको जाऊस.

मंजिरी : का?

आजी : कुत्रं खरं, वेलिंग्टन खरे, तो मटकन बसला तेही खरं. हसला नाही गं तो. नुसता अंगठा फिरवत राहिला, ती बाई कुठं होती ते चाचपत.