काल्याच्या दिवशीची गाडी

हॅलो? … हो, देवमनच. तुहा भाऊ. रुसून रुसून आवाज बी विसरली का कौशल्ये? … अवं, रडतं काहून? नीट सांग.

… मांस कोणी परत केलं? नागपूरच्या हॉटेलवाल्यानं? … फिकं होतं? पाणी सुटलं? … हं. मंग डुकराचा पांढरा नर काहून विकून राहिली? … भाऊजी म्हणतात, त्याची पिल्लं लवकर वाढतात, म्हणून मांस पानचट? … थांब. थांब म्हणतो ना! व्यापारी कुठं हाय? … अंगणात? दोरी बी लावली? … त्याले चहा ठेव. बसू दे.

आता ऐक. … अवं, ऐक तं खरं! त्याच नराची पिल्लं माह्या कोठ्यात बी हायेत ना? तूच देल्ली. … तेवढीच भरभर वाढली. तोच हॉटेलवाला नेते, कधी शब्दानं बोलला नाई. … लवकर वजन धरलं म्हंजे मांस कवळं असते बाई. रेंगाळत वाढलेलं डुक्कर जून होते, मंग चिवट लागते. … हो, निव्वळ बिनचरबीची जात असती तं मले बी शंका आली असती. आपला नर तसा नाई.

मले हे सांग, गाडी कधी भरली? … पहाटीच आली होती ना? मंग? … सप्त्याचं, काल्याचं कीर्तन आटपल्यावर?! … भर उन्हात? काठ्या मारून चढवले? … अन् त्याच्या आधी? … पंगतीतलं उरलेलं चारलं? बुंदी बी? … 'जाता जाता पोटभर खाऊ दे' … अवं माये!

नाई, हसत नाई. तुहा जीव मोठा हाय, मले ठाऊक हाय. पण भरल्या पोटानं, उन्हात, काठ्या मारत नेलं तं जनावर आतून तापते. मंग मांस फिकं पडते, पाणी सोडते. वाढीचा दोष नाई त्यात. … आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवाचं, पाणी मात्र द्याचं. पहाटी, गारव्यात, फळी लावून हळूहळू चढवाचं.

… हो, नाई आलो मी काल्याले. … अवं, म्हणूनच तं! माही बी गाडी त्याच दिवशी होती. पहाटी भरली अन् संगं गेलो. … सांगितलं असतं तं तू म्हटली असती, डुकरं मोठी का देव मोठा. … म्हटलीच असती!

भाऊजीले दे फोन. … रामराम भाऊजी. दोरी सोडा नराची. … पुढची गाडी भराले मी स्वतः येतो. माल बिघडला तं मले बोला. … सोडली? … कोठ्यात गेला? बरं झालं. व्यापाऱ्याले चहा पाजून वाटेला लावा अन् फोन कौशल्येले द्या.

… हं बाई. आता सांग, काल्याले बुवानं चाल कोणती धरली होती? … अशी नाई, म्हणून दाखव. … लाजतं काहून? भाऊच हाय मी. … हं … वा! … थांब, थांब, टाळ घेतो. … हं, घे आता वरून. … हॅलो? … कौशल्ये? … हॅलो?

… ऐन रंगात आलं अन् लाइन गेली!