अमरवेलीचं राज्य

बायको: थांबा, थांबा. नवा मुकादम निवडायला सगळे बसले, अकरा जणांनी मत म्हणून तुमच्यापुढे लाकडाची ढलपी ठेवली, आणि तुम्ही त्या परत केल्या?

मिस्त्री: अगं, मग काय करू? मी मुकादम झालो तर करवतीला धार कोण लावणार? पंचवीस वर्षं तेच करतोय.

बायको: वखारीत चौदा माणसं आहेत. दुसरं कुणीच मिळालं नाही?

मिस्त्री: मापवाला म्हणाला, माझं लक्ष उडालं तर फळ्या वाकड्या निघतील. ट्रकवाला म्हणाला, मी आपला रस्त्यावरच बरा. शेवटी लोण्या उठला.

बायको: लोण्या? मालकाच्या पुढेपुढे करण्याखेरीज ज्याने आयुष्यात इकडची काडी तिकडे केली नाही, तो?

मिस्त्री: म्हणाला, मी मोकळाच आहे, तुमची सेवा करतो. मग सगळ्यांनी ढलप्या त्याच्यापुढे टाकल्या.

बायको: तुम्हीसुद्धा?

मिस्त्री: हो, मीसुद्धा.

बायको: कमाल झाली! आमचे बाबा सांगायचे ना, तशातली गत. वादळाला घाबरून झाडं राजा शोधायला निघाली. आंबा म्हणाला, मी मोहर सांभाळू की तुम्हाला? साग म्हणाला, मला सरळ वाढू द्या. चिंच म्हणाली, माझ्या अंगाखांद्यावर पाखरं झोपलीत, हलू कशी? तेवढ्यात अमरवेल म्हणाली, मला ना फळ, ना पान, ना मूळ. मी मोकळीच आहे.

मिस्त्री: बरं, मग?

बायको: मग काय! झाडं खूश. राणी प्रत्येकाच्या डोक्यावर बसून जातीनं विचारपूस करायला लागली. वर्षभरात रान वाळलं. वेल तेवढी पिवळीधमक.

मिस्त्री: तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं.

बायको: असतं म्हणून दिसतं. मुकादम झाल्यावर पहिलं काय मागितलं त्याने?

मिस्त्री: विशेष काही नाही. लाल बटणाची किल्ली.

बायको: करवत बंद करायचं लाल बटण? त्याला किल्ली कधीपासून?

मिस्त्री: आजपासून. वरून लोखंडी पेटी बसवली. म्हणाला, जो तो उठून करवत थांबवतो, काम मागे पडतं. आता आधी त्याला विचारायचं.

बायको: आणि कुणाची बाही अडकली तर? याची किल्ली सापडेपर्यंत हात राहील का? आणि मला सांगा, निवड झाली दुपारी. एवढ्यात पेटी आली कुठून?

मिस्त्री: मालकाच्या खोलीतून. तयारच होती.

बायको: म्हटलं नव्हतं, पाणी कुठेतरी मुरतंय? आणि एकानेही तोंड उघडलं नाही?

मिस्त्री: एक जण बोलला. पेटी काढा, नाहीतर करवतीला हात लावणार नाही म्हणाला.

बायको: कोण?

मिस्त्री: आपले जावई.

बायको: अगंबाई! मग?

मिस्त्री: लोण्या हसला. म्हणाला, जावईबापूंची भीती मोडायला हवी. उद्यापासून ओंडके करवतीत सरकवायचं काम त्यांच्याकडे.

बायको: आणि तुम्ही?

मिस्त्री: मी पातं पुसत होतो.

बायको: माझ्याकडे बघून सांगा. त्या ढलप्या धारेसाठी परत केल्या? पंचवीस वर्षांत कुणालाही शिकवता आली असती धार.

मिस्त्री: नाही. मालकाला तोंडावर नाही म्हणायची छाती नाही माझी. मुकादमाला ते रोज म्हणावं लागतं.

(मिस्त्री उठून चपला घालतो.)

बायको: आता कुठे निघालात?

मिस्त्री: मापवाल्याकडे. मग ट्रकवाल्याकडे. माझ्या ढलप्या परत द्या म्हणतो.

बायको: आता हौस आली वाटतं मुकादमकीची?

मिस्त्री: कसली हौस! छाती अजून नाहीच. पण करवत सकाळी आठला सुरू होते.

बायको: थांबा, दाराला कडी घालते. मीही येते.