झांबियातला वेडा राघू

अरे, आमच्या आईचं ऐक. धाकटा भाऊ झांबियाला नोकरीला गेल्यापासून तिचं एकच, "एकटा पडला रे पोरगा!"

परवा त्याने व्हिडिओ कॉलवर तिथला पक्षी दाखवला. लालगुलाबी अंग, निळं डोकं. म्हणाला, "आई, हा आफ्रिका सोडून कुठेच नाही."

आई बारवी नदीकडच्या पाड्यावरची. म्हणाली, "डोळ्यावर काळी पट्टी, वाकडी चोच... माशी पकडून फांदीवर आपटतो ना?"

"हो."

"नदीच्या दरडीत भोक करून राहतो?"

"हो, शेकडो आहेत."

"मग हा आपला वेडा राघूच! हिरवे सोडून लाल कपडे घातलेत, एवढंच."

संध्याकाळी कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलं, "मुलगा एकटाच ना तिकडे?"

आई म्हणाली, "एकटा कसला? आमच्या गावचे शेकडो आहेत तिथे!"