सासूबाईंचा बत्ता

तुमच्या गाडीचं काही मोडलं की दुकानातून नवं आणता, तरी कुरकुरता! आमचे हे लढाईच्या दिवसांत धुळे-पिंपळनेर सर्व्हिस मोटार चालवायचे. इंजिनाच्या डोक्यातला एक वॉल झिजला, बारक्या लोखंडी छत्रीसारखा असतो तो, आणि मोटार उभी राहिली. विलायतेचा माल बंद. मालक म्हणाला, "बाजारच्या दिवसापर्यंत चालू कर, नाहीतर भंगारात घालतो." म्हणजे यांची नोकरीही भंगारातच.

हे धुळ्यात फिरले, चाळीसगावला गेले, जळगावचं भंगार उपसलं. मिळाले ते सगळे वॉल आमच्याहून झिजलेले. बाजाराच्या आदल्या दिवशी घरी आले नि ओट्यावर मटकन बसले. पाण्याचा तांब्या दिला, तो हातातच राहिला.

आत बोळक्या तोंडाच्या सासूबाई खलात पान कुटत होत्या. टक, टक, टक. हे एकदम उठले.

"आई, हातमा काय शे तुना?"

"बत्ता. तूच तं आणी दिन्हा व्हता."

तसल्याच जुन्या मोटारीतून निघालेला वॉल! दांड्यानं कुटायच्या, छत्री तळहाताखाली, म्हणून ती जशीच्या तशी. यांनी हात पुढे केला.

"मंग मना पाननं काय?"

"मी कुटी दिसू रोज."

"पहिले हाई कुट."

यांनी थकल्या हातांनी पान कुटलं, तेव्हा वॉल मिळाला.

मोटार चालू झाली. पण फेरीवरून अंग मोडून आले तरी यांना आधी दगडानं पान कुटावं लागे. आणि रोज सकाळी मोटार निघाली की सासूबाई दारातून ओरडायच्या, "संध्याकाळे लवकर ये रे, मना बत्ता तुना मोटारमा शे!"