आबांची बाजू भागूबाईंकडे

सन्माननीय अध्यक्ष रखमाजी आबा, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या ग्रामसेविका मुक्ताबाई, आणि कुरवंड्याच्या व वाडीच्या माझ्या माणसांनो,

महिला मंडळाची चिटणीस म्हणून मी उभी आहे. अक्षरं मला घरात वडिलांनी शिकवली, आणि मोठी माणसं बोलू लागली की गप्प बसावं, हेही तिथंच शिकले. पण ही सवय काय माझ्या एकटीची? आपल्या बैठका अशाच चालायच्या. आबांनी बोलायचं, सगळ्यांनी ‘व्हय’ म्हणायचं, आणि चावडीची पायरी उतरली की ‘न्हाई’. आबा, रागावू नका. खरं बोल असं तुम्हीच बजावलंत.

गेल्या वर्षी सरकारी विहीर मंजूर झाली. जागा ठरली गावातल्या देवळापाशी. सगळे व्हय म्हणाले, आणि खणायला वाडीतून कुणी आलं नाही. येणार कसं? वाडी टेकाडापलीकडे. तिथल्या बायांचं उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरणं काही सुटणार नव्हतं. गावाला आणि वाडीला, दोघांना सोयीची जागा एकच, आबांच्या शेताच्या कडेला. पण ते आबांपुढे उच्चारणार कोण?

पुढच्या बैठकीत मुक्ताबाई म्हणाल्या, “जत्रेत सोंगं काढता ना? आज बैठकीत काढू. ज्यानं त्यानं दुसऱ्याची बाजू मांडायची, आपली नाही.” आबा झाले वाडीतली पाणी वाहणारी बाई. वाडीच्या भागूबाई झाल्या शेतमालक. मला काम दिलं फक्त शंका काढायचं; माझ्या गप्प स्वभावाच्या अगदी उलट!

भागूबाई मांडी घालून खाकरल्या, अगदी आबांसारख्या. “बाया येतील, मागनं गुरं येतील. कापायच्या आत भात पायाखाली जाईल. कोन भरून देनार?”

हसणारी माणसं थांबली. आबांच्या मनातली ही भीती आबांनी कधी सांगितलीच नव्हती.

आबांनी उपरणं डोक्यावरून घेतलं. “आवं मालक, डोईवर हंडा, कडंवर पोर. येकदा टेकाड चढून बगा, मंग बोला.”

“आबा, तुमी कवा चढलावता?” मागून टोमणा आला.

“मी आबा न्हाई, भागूबाई हाय! मधी बोलू नगा.”

मी शंका काढली, “गुरांचं काय?”

“भात उभं हाय तवर गुरं ओढ्यावरच पितील. आमी बाया बांधावरनं जाऊ, येकीमागं येक,” आबा म्हणाले.

“येवढं पाळनार असाल तर...” म्हणून भागूबाई अडखळल्या. दुसऱ्याची जमीन त्या कशी देणार? “आबा, म्होरलं तुमीच बोला.”

आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “माजं सगळं तूच बोललीस की. घ्या जागा.”

विहीर झाली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात वाडीतली एकही बाई झऱ्याशी वाटी घेऊन बसली नाही. मुक्ताबाई, तुमच्या कामाचं याहून मोठं प्रशस्तिपत्र आम्ही कुठून आणावं?

आता शाळेच्या जागेचा प्रश्न आहे, आणि ती बैठक चालवायचं माझ्याकडे आलं आहे. धास्ती वाटते, तरी चालवीन. अध्यक्षांना आत्ताच सांगून ठेवते: आबा, या खेपेला तुम्ही पहिलीतलं पोर व्हायचं.

आपण सर्वांनी मनापासून ऐकलंत, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला.