पट्टी भरणारी बाई

आमी मूळचे वणीकडचे, पण माझी सगळी उमर गेली इथं नाशकात, द्वारकेच्या चौकात खराटा मारण्यात. पालिकेची नोकरी लागली तव्हा पोरगी पोटात व्हती, रिटायर झाले तव्हा तिचीच पोरगी शाळेत जायला लागली व्हती, एवढी नोकरी केली. मालक लवकर गेले. त्याच पगारातनं दोन खोल्या बांधल्या, आन् माझ्या नावाची पहिली घरपट्टी आली ना ताई, लोक कपाळाला आठ्या घालत्यात, मी पेढे वाटले. हसू नका, खरंच वाटले.

यंदा पट्टी वाढणार अशी बातमी फिरली, तशी समाजमंदिरात कॉलनीची मीटिंग भरली. शेजारचे गुरुजी, शाळेतनं रिटायर झालेले, लय शिस्तीचा माणूस, ते म्हणले पट्टीला मर्यादा पायजे, पट्टी पेन्शनच्या पुढं पळायला लागली तर म्हाताऱ्यानं घर इकायचं का. मागून एक जण वरडला, मर्यादा कशाला, कोणी भरूच नका. लय टाळ्या पडल्या.

काय सांगू तुम्हाला, मला बसवंना. उभी राहिले. म्हणलं, भरूच नका तर झाडायचं कोणी, दिवे कशावर लागायचे, माझा पगार ह्या पट्टीतनंच निघायचा, माझी पोरगी त्याच्यावरच शिकली. पण गुरुजींचं बी खरं हाय. मंग असं मागा, गुरुजींची पेन्शन जेवढी वाढंल तेवढीच पट्टी वाढवा, त्याच्यावर नाय. आन् गुरुजी हसले ना, पोट धरून हसले, म्हणले बाई, हे मला कसं सुचलं नाही, आन् मर्यादेचा घरनं लिवून आणलेला अर्ज फाडून तिथंच नवा लिवला. पहिली सही माझी.

पालिकेत सुनावणी लागली, आमी बाया रिक्षा करून गेलो, गुरुजी बी संगं. साहेबांनी विचारलं, हे पेन्शनचं कोणी काढलं, गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. साहेब म्हणले, मुद्दा चांगला आहे, नोंद घेतो. येताना मिसळ हाणली, तर्री मागून मागून, गुरुजी आमच्याच बाकावर, सगळ्यांच्या नाकाडोळ्यातनं पाणी.

निकाल अजून यायचाय. तो काय आपल्या हातात नाय. पण आता नळाचं असो, गटारीचं असो, बाया माझ्याच दारात येत्यात, चला अर्ज लिवू म्हणत्यात. मी म्हणते, बसा, आधी चहा घ्या. म्हातारपणी आपलं दार सोडायची पाळी कोणावर न येवो, एवढंच मागते बघा.