रविवारचे पास

डेव्हिस कप आमच्या जयपूरला आला होता, तेव्हाचं आठवलं की अजून चुटपुट लागते. बाबा टेनिसवेडे, पण बँकेत. शुक्रवार-शनिवार सुट्टी मिळेना. म्हणून मोठ्या खटपटीनं रविवारचे पास मिळवले. "खरी चुरस शेवटच्या दिवशीच रे!"

शनिवारी बँकेतून येऊन टीव्ही लावला. भारतानं दुहेरीही जिंकली. पाच सामन्यांत तीन-शून्य, म्हणजे लढतच संपली. मी नाचलो. बाबा पुटपुटले, "एक तरी हरायला हवी होती."

कारण निकाल लागल्यामुळे रविवारी मोठे खेळाडू बाहेर बसले, राखीव पोरं खेळली. इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा रिकाम्या खुर्च्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

घरी आलो तर शेजारचे शर्माजी फाटकातच. "कैसा रहा मैच, साहब?"

"बढिया," बाबा म्हणाले. "हम तो कल ही जीत गए थे."